उष्ट्या चौकटी

आईची पेटी ही सातवी. मधमाश्यांच्या आधीच्या सहा पेट्या गेल्या तेव्हा ताई चिडली होती, भांडी आपटली होती, दोन दिवस धड जेवली नव्हती. सातवीचं झाकण उचललं तेव्हा मात्र तिने हूं की चूं केलं नाही. हे ज्याने केलं त्याला सोडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

खरं म्हणजे झाकण उचलायचीही गरज नव्हती. सडक्या संत्र्यांचा तो वास दहा पावलांवरूनच नाकात शिरला होता. आत पोळ्यांच्या लाकडी चौकटींवरून मध ओघळत होता, पण त्याला मध म्हणायची सोय राहिली नव्हती. फसफसलेला, शेंबडासारखा बुळबुळीत, आणि त्यात पांढऱ्या अळ्यांची नुसती बुजबुज. माशा पेटी टाकून गेल्या होत्या. तळाशी मूठभर मेलेल्या पडल्या होत्या, त्यांत लांबट पोटाची राणी होती. ताईने तिला चिमटीत धरून तळहातावर घेतलं, आणि मग तिला ठेवायचं कुठे हेच तिला सुचेना.

नवरा सोडून सगळं जग तिला ताई म्हणायचं. घरामागच्या अंगणात तिच्या बारा पेट्या होत्या. एका बाजूला नवऱ्याची वजनकाटे दुरुस्त करायची खोली, दुसऱ्या बाजूला फळांच्या गोदामाची उंच भिंत, आणि मधल्या पट्ट्यात माशा. अकरा पेट्या तिने स्वतः वाढवलेल्या. बारावी आईची. आईने तीस वर्षं त्या माशांचा वंश जपला होता, त्यांच्यातलीच राणी पुन्हा पुन्हा वाढवून. इतक्या गरीब स्वभावाच्या माशा, की आई उघड्या हातांनी त्यांच्यात काम करायची आणि त्या तिच्या मनगटावर फेरफटका मारून मुकाट परत जायच्या. आई गेली तेव्हा धाकट्या भावाने एवढी एकच गोष्ट मागितली होती, ती पेटी. ताईने दिली नाही. "मी थोरली आहे," असं कारण सांगितलं, आणि ते तिला भरपूर वाटलं.

त्या भावाला सगळे छोट्या म्हणायचे. सहा फुटांचा गडी, कुणाच्याही दारातून वाकून आत जायचा, पण छोट्याच. त्याच्या चाळीस पेट्या होत्या, वस्तीबाहेरच्या लाकडाच्या वखारीमागे.

सातवी पेटी गेली त्याच आठवड्यात सरकारी तपासनीस बाई आल्या. गुडघ्यापर्यंत बूट, हातात चिमटा, आणि बोलणं असं की जणू पेट्या नासवणारे हे भुंगेरे म्हणजे त्यांच्या वर्गातली व्रात्य पोरं. हा भुंगेरा इथला नाही, परदेशातून आलाय, म्हणून आपल्या माशांना त्याचा बंदोबस्त जमत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एका जिवंत पेटीचा कोपरा दाखवला. तिथे माशांनी चिकट राळेचा बांध घालून एका भुंगेऱ्याला कोंडून ठेवलं होतं. मसुराएवढा, काळपट, आणि पाठ अशी टणक की नांगी शिरणार नाही.

"मारता येत नाही म्हणून कैदेत टाकतात," बाई म्हणाल्या. "बाहेर पहाराही ठेवतात. पण हा महालबाड. पहारेकरणीच्या तोंडाला मिशांनी गुदगुल्या करतो, आणि ती याला भरवते."

"शत्रूला भरवते?"

"तिला वाटतं, घरचंच कुणीतरी खायला मागतंय."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. भुंगेऱ्यापेक्षा त्या बावळट माशीचाच तिला जास्त राग आला. तिने लोखंडी पट्टीने तो बांध फोडला आणि भुंगेरा अंगठ्याखाली चिरडला.

"अहो, असं नका करू," बाई कळवळल्या. "एकाला मारायला जाता आणि बाकीचे कैदी मोकळे सुटतात. पेट्या कमी उघडा, तेलाच्या पन्हळी लावा, त्यात पडून मरतील. आणि मला सांगा, गेल्या दोन महिन्यांत बाहेरून काही आणलंत का? पेट्या, चौकटी, माशा?"

"काही नाही," ताई म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निदान तिला तो प्रकाश वाटला.

उष्ट्या चौकटी आल्या होत्या. छोट्याकडून.

ही त्यांच्या घरातली रीत, आईने घातलेली. मध काढायच्या यंत्रातून फिरवून काढल्या तरी चौकटी ओल्याच राहतात, पोळ्याच्या घराघरांत मध चिकटून असतो. हंगामातल्या पहिल्या सहा ओल्या चौकटी बहिणीने भावाकडे आणि भावाने बहिणीकडे पाठवायच्या, तिकडच्या माशांना चाटून साफ करायला. वर्षभर बोलणं नसलं तरी चौकटी जायच्याच. यंदा छोट्याने त्या स्वतः आणल्या नव्हत्या, टेम्पोवाल्याबरोबर धाडल्या होत्या. ताईला ते लागलं होतं. चौकटी टेम्पोतून यायला काय किराणा सामान आहे का? फुगून बसून तिने पाच दिवस त्यांना हात लावला नाही, शेडमध्ये तशाच पडू दिल्या. सहाव्या दिवशी आईची आठवण येऊन एकेक पेटीला दिली. आणि पंधरा दिवसांत पहिल्या पेटीला वास सुटला.

ताईने हे सगळं सांगितल्यावर तपासनीस बाईंनी छोट्याच्या चाळीसही पेट्या तपासल्या. एक भुंगेरा सापडला नाही.

"बघा," ताई नवऱ्याला म्हणाली. "माझ्या सात पेट्या साफ आणि त्याच्याकडे औषधालाही नाही. म्हणजे काय? आधी होते, गुपचूप निस्तरले, आणि घाण माझ्या दारात आणून टाकली. आईची पेटी मिळाली नाही ना त्याला. मला नाही तर तुलाही नाही, असं आहे ते."

नवऱ्याला गल्लीत काटेवाले म्हणत. ते भिंगातून एका पारड्याच्या साखळीकडे बघत होते. "अगं, एकदा तोंडावर विचारून तर बघ त्याला."

"चोर कधी हो म्हणतो?"

"नाही म्हणत. पण चोर नसला तर तोही नाहीच म्हणणार. तेवढी एक अडचण आहे."

ताईने पारड्याला असा काही धक्का दिला, की काटेवाल्यांना सगळं पुन्हा जुळवावं लागलं.

छोट्या मात्र दुसऱ्याच दिवशी हजर झाला. न बोलावता. गाडीत तीस तेलाच्या पन्हळी, फावडी, कुदळ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने ताईच्या पेट्यांपुढची माती वीतभर उकरून काढली, कारण अळ्या मोठ्या होऊन मातीत शिरतात आणि तिथून भुंगेरे होऊन वर येतात. सगळी माती त्याने पत्र्यावर भाजून काढली. पाठ मोडेस्तोवर राबला. ताई पायरीवर बसून बघत होती. पोटात पाप असल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या अळ्या दिवसभर उपसत नाही, असं तिचं पक्कं मत झालं.

जाताना त्याने विचारलं, "आईची पेटी?"

"गेली."

छोट्या उलट्या घातलेल्या रिकाम्या पेटीवर बसला. हातातल्या मातीकडे बघत राहिला. मग नाक पुसून म्हणाला, "बघतो मी काहीतरी."

ताई मनात म्हणाली, बघ. मीही बघते.

एखाद्याचं घर जाळणं, विहिरीत काही टाकणं, ही तिला नावं ठेवायची कामं वाटत. तिला रीतीचं हवं होतं. त्याने चौकटीतून दिलं, ती चौकटीतूनच परत देणार होती. उरलेल्या पाच पेट्यांतून मध काढून तिने सहा ओल्या चौकटी तयार केल्या. एका झाकणाच्या मोठ्या टबात त्या उभ्या केल्या. मग जिवंत पकडलेले भुंगेरे एकदमच त्यात सोडले. पकडायचं कामही तिने मन लावून केलं, बरणीच्या तोंडाला कापड बांधून, एकेकाला अलगद, पाय न मोडता. टबात पाणी शिंपडलं, कारण कोरड्यात ते अंडी घालत नाहीत. परागाचा एक गोळा टाकला, कारण उपाशी ठेवून चालणार नव्हतं. आयुष्यात एवढं कौतुक तिने पाहुण्यांचंही केलं नव्हतं.

"टबात काय आहे?" काटेवाल्यांनी विचारलं.

"हात लावू नका."

"हात नाही लावत. काय आहे एवढंच विचारतोय."

"रीत आहे," ताई म्हणाली. काटेवाल्यांनी टबाकडे एकदा बघितलं. मग भिंग डोळ्याला लावून आपल्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, तिने चौकटी एकेक करून झटकल्या. सगळे भुंगेरे टबात पडले, त्यांच्यावर तिने उकळतं पाणी ओतलं. चौकटी आता बघणाऱ्याला स्वच्छ दिसत होत्या. लाकडाच्या फटीत, पोळ्याच्या कडेला अंड्यांचे पुंजके होते, पण भिंग घेऊन बसल्याशिवाय ते कुणाच्या बापाला दिसले नसते. काटेवाल्यांची गाडी घेऊन ती स्वतः वखारीमागे गेली. टेम्पोवाल्याबरोबर धाडल्या नाहीत. हेही त्याच्या लक्षात यावं असं तिला वाटत होतं.

छोट्याच्या लक्षात आलंच. "ताई! तुझ्याकडे पाच पेट्या उरल्यात आणि तरी तू रीत सोडली नाहीस?" त्याने एक चौकट उजेडात धरून बघितली आणि परत खोक्यात ठेवली. "दुसऱ्या कुणी आणल्या असत्या तर किडे मरायला आधी दोन दिवस फ्रीझरला घातल्या असत्या. सध्या कुणाचा भरवसा नाही. पण तू म्हणजे तू बघूनच आणणार."

"बघूनच आणल्यात," ताई म्हणाली.

भावजयीने चहा केला. ताईने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. परत येताना गाडी चालवताना तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

मंगळवारी संध्याकाळी तपासनीस बाई पुन्हा आल्या. बूट चिखलाने माखलेले, चेहरा मात्र खुशीत.

"सापडलं मूळ!" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे गोदाम. मागच्या बाजूला सडक्या खरबुजांचा ढीग आहे, डोक्याइतका उंच. त्यात हजारोंनी अळ्या. बाहेरून आलेल्या मालातून आले असणार. या भुंगेऱ्याला मध नसला तर सडकं फळही चालतं. कालच गोदामाला टाळं लावलं."

"पण माझ्याकडे कसे..."

"तुम्हीच म्हणालात ना, ओल्या चौकटी पाच दिवस शेडमध्ये होत्या? त्या वासाने भिंत ओलांडून आले. एवढी मेजवानी उघड्यावर मांडल्यावर येणारच की. तुमच्या भावाचा काही संबंध नाही, त्यांना उगीच त्रास दिला आपण."

बाई गेल्या. ताई शेडच्या दारात उभी राहिली. पाच दिवस फुगून बसलेली ती, आणि पाच दिवस पडून राहिलेल्या चौकटी. बाकी कुणी काही केलंच नव्हतं.

आता इथे दुसरी कुणी असती तर धावत सुटली असती, असं म्हणायला सोपं आहे. ताई धावली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने फडताळ आवरायला काढलं. अंडी फुटायला अजून वेळ होता, हे तिला माहीत होतं. फोन खिडकीत होता, हेही माहीत होतं. पण फोन उचलायचा म्हणजे सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा छोट्याच्या पेट्या भक्कम आहेत, माशा भरगच्च आहेत, त्या चारदोन अंड्यांचा फडशा पाडतील, असं तिने स्वतःला समजावलं. गेल्याच तर चाळिसातल्या एकदोन जातील. आणि त्याने तरी काय कमी केलंय? त्याच्या लग्नात मानाचं बोलावणं नीट केलं नव्हतं. आईच्या आजारपणात दोन दिवस उशिरा आला होता. चौकटी टेम्पोतून पाठवल्या होत्या. रागाचं एक कारण गेलं तर तिने मागच्या वीस वर्षांतली चार शोधून काढली, आणि बुधवार सकाळपर्यंत मूग गिळून बसली.

बुधवारी सकाळी फोन आला. "ताई, लगेच ये. तुला दाखवायचंय काहीतरी."

कळलं याला, ती मनात म्हणाली. वाटेत तिने उत्तरं तयार केली. तुझ्याच शेडमधून आले असतील. आणताना तर स्वच्छ होत्या, तूच बघितल्यास.

पण छोट्या दारातच हसत उभा होता. त्याने तिला वखारीच्या भिंतीशी नेलं, बाकीच्या पेट्यांपासून लांब, सावलीत. तिथे एक पेटी होती, आत अजून चारच चौकटी, आणि तिच्यावर एक मजला चढवलेला.

"हात घाल," छोट्या म्हणाला. "हातमोजे नकोत."

"काय आहे?"

"घाल तर."

ताईने झाकण सरकवून हात खाली नेला. माशा तिच्या बोटांवर चढल्या, मनगटावर फिरल्या आणि उतरल्या. एकीनेही डंख केला नाही.

"गेल्या वर्षी माझी एक पेटी राणीवाचून बसली होती, आठवतं? तू आईच्या पेटीतली अंड्यांची एक चौकट दिली होतीस. त्या अंड्यातून झालेली ही राणी. जुन्या पेटीला दुसरी राणी देऊन हिला वेगळी बसवली. हिने जरा जोर धरला की तुझ्याकडे आणून ठेवणार होतो, पण मला काही दम निघेना." त्याला हसू आवरत नव्हतं. "आणि लवकर जोर धरावा म्हणून तुझ्या सहाच्या सहा उष्ट्या चौकटी हिलाच दिल्या. म्हटलं, तुझं तुलाच."

ताईने वर बघितलं. वरच्या मजल्यात तिच्याच सहा चौकटी होत्या. खाली मूठभर माशा. एवढ्याशा माशांकडून कसला बंदोबस्त होणार? उद्यापरवा अळ्या खाली उतरल्या असत्या, आणि आठवड्यात इथेही सडक्या संत्र्यांचा वास सुटला असता.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"चौकटी काढ, छोट्या. आत्ता काढ. अंडी आहेत त्यांत. मी घालून घेतलीत. टबात भुंगेरे सोडून, दोन दिवस ठेवून. मला वाटलं तू केलंस, म्हणून मुद्दाम केलं. काढ रे लवकर."

छोट्याने एक शब्द विचारला नाही. त्याने वरचा मजला अख्खा उचलला आणि घराकडे पळाला. भावजयीने फ्रीझरमधलं सामान बाहेर ओढलं. एक चौकट उजेडात धरली तेव्हा कडेच्या फटीत केसाएवढ्या दोनतीन अळ्या वळवळताना दिसल्या. पाच चौकटी फ्रीझरमध्ये कोंबल्या, सहावी मावेना, तिच्यावर त्याने उकळतं पाणी ओतलं. मग परत येऊन भिंग लावून त्याने पेटीच्या चारही चौकटी तपासल्या, तळ तपासला, फटी तपासल्या. अर्धा तास गेला. ताई बाजूला उभी होती.

"खाली नाही पोचलेल्या," छोट्या शेवटी म्हणाला. "राणी आहे. वाचली."

"वाचली," ताई म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं. "मला कालच कळलं की तू काही केलं नव्हतंस. बाई सांगून गेल्या."

तिला वाटलं, ही कबुली देऊन आपण मोकळ्या होऊ. छोट्या झाकण बसवत होता. त्याचा हात थांबला.

"काल कळलं?"

"हो."

"आणि आज मी फोन केला म्हणून आलीस."

ताईने पदरावरची एक माशी उडवली.

"एक विचारू?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ताईला भांडता आलं असतं. "त्या चौकटी मी दुसऱ्या कुठल्या पेटीवर ठेवल्या असत्या, माझ्या एखाद्या, तर सांगितलं असतंस?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. आयुष्यभर तिने याहून मोठ्या गोष्टी नुसत्या आवाजावर रेटून नेल्या होत्या. तिने तोंडही उघडलं. समोर सहा फुटांचा तो माणूस उकिडवा बसून वाट बघत होता, खरंच कळायला हवं असल्यासारखा.

"नाही," ती म्हणाली.

छोट्याने झाकण बसवलं, वर दगड ठेवला, हात पुसले.

"ही आता इथेच राहील," तो म्हणाला.

ताईने राग आत शोधून पाहिला, पण तो सापडला नाही. ती पदराने डोळे पुसत उठली.

"बघायला येऊ का मधूनमधून?"

"ये की," छोट्या म्हणाला. "पण हात लावायचा नाही."

ताईने मान हलवली आणि ती गाडीकडे गेली.